तारुण्यपीटिका व त्यांवरील जोड-औषधे

व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्याकडे विषय मागितला तेव्हा आम्ही 'तोंडावरच्या पुटकुळ्या' असे सांगितले. चालक क्षणभर गप्प राहिले. कामगार चळवळीत आयुष्य घातलेल्या माणसाने किमान वेतनावर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे, ही अपेक्षा रास्तच आहे. १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली तेव्हापासून तिच्यात राजकारण झाले, अर्थकारण झाले, धर्मचर्चा झाली. तेथे पुटकुळ्यांचे काय काम, असे कोणालाही वाटेल. परंतु या विषयाकडे आम्हांला आमच्याच एका चुकीने आणले. ती चूक आधी सांगून टाकावी, म्हणजे पुढचे बोलणे मोकळेपणाने होईल.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत आमचे काम चालते. टोमॅटोच्या हंगामात माल निवडणाऱ्या, क्रेट भरणाऱ्या बायामाणसांची नारायणगावच्या परिसरात एक बैठक होती. मजुरीच्या दराचा विषय निघाला असता एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "दादा, माझ्या पोरीच्या तोंडाचं काय तरी सांगा. पुटकुळ्यांनी पोरगी घराबाहेर पडंना झालीय." आम्ही म्हणालो, "ताई, पुटकुळ्या आज आहेत, उद्या जातील. तुम्ही मजुरीचं बोला." सभा हसली. बाई खाली बसल्या.

पुढे आठ-दहा दिवसांनी वर्गणीच्या निमित्ताने त्यांच्या घरी जाण्याचा योग आला. मुलगी घरातही डोळ्यांपर्यंत ओढणी बांधून बसली होती. आईने ती सोडावयास लावली. गाल भाजल्यासारखे लाल, कातडी इतकी पातळ की खालच्या शिरा दिसाव्यात, आणि त्यावर फोडांची दाटी. कोनाड्यात पिळून संपवलेल्या पाच-सहा ट्यूब पडल्या होत्या. एक मैत्रिणीने सांगितली म्हणून आणलेली, एक दुकानदाराने 'हीच घ्या' म्हटले म्हणून आणलेली. पैसे आईने मुकादमाकडून उचल घेऊन दिले होते. बारावीला असलेल्या मुलीने दोन महिन्यांपासून कॉलेज सोडले होते. ट्यूबवरची अक्षरे मुंगीएवढी आणि इंग्रजी. त्या घरात ती कोणी वाचली नव्हती. आम्ही भिंग लावून वाचली, तर आत तीन औषधांची नावे होती आणि त्यांपैकी एकही आम्हांला कळले नाही.

त्या दिवशी आम्हांला आमच्या हसण्याची लाज वाटली. आम्ही डॉक्टर नव्हे. ग्रंथालयात बसून, आणि त्वचेच्या डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून, जे समजून घेतले तेच येथे मांडतो. यात रोग ओळखण्याचा किंवा औषध नेमून देण्याचा अधिकार आम्ही घेत नाही. ट्यूबमध्ये काय असते आणि ते चेहऱ्यावर जाऊन काय करते, एवढे प्रत्येकाला ठाऊक असावे, इतकीच आमची खटपट आहे.

पुटकुळी होते कशी

आपल्या कातडीत केसाकेसाच्या मुळाशी एक बारीक नळी असते आणि त्या नळीला लागून तेल तयार करणारी एक ग्रंथी असते. चेहरा, छाती आणि पाठ या ठिकाणी या ग्रंथी मोठ्या व दाट असतात. वयात येताना मुलग्यांत आणि मुलींतही पुरुषी संप्रेरके वाढतात. त्यांच्या हुकुमाने या ग्रंथी फुगतात व जास्त तेल सोडू लागतात. ही पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट नळीच्या तोंडाशी घडते. कातडीच्या जुन्या पेशी रोज झडत असतात, तशा त्या नळीच्या आतल्या अस्तरातूनही झडतात व तेलाबरोबर बाहेर पडतात. पुटकुळ्या होणाऱ्या माणसात या पेशी सुट्या न होता एकमेकींना चिकटतात आणि तेलात मिसळून त्यांचे बूच बनते. शेतातल्या ठिबकच्या नळीचे छिद्र क्षाराने बुजते, त्यातलाच हा प्रकार. बूच प्रथम इतके बारीक असते की डोळ्यांना दिसत नाही. आज गालावर जो फोड दिसतो त्याचे बूच कित्येक आठवड्यांपूर्वी बसलेले असते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

बुचाचे तोंड कातडीखाली बंद राहिले तर पांढरा दाणा दिसतो, उघडे राहिले तर काळा ठिपका दिसतो. हा काळेपणा मळाचा आहे असे समजून पोरी विटकरीसारख्या खरखरीत वस्तूने तोंड घासतात. तो मळ नव्हे. कातडीचे स्वतःचे रंगद्रव्य आणि हवा लागून बदललेले तेल यांचा तो रंग आहे. घासून तो जात नाही. उलट कातडी सोलवटते आणि दाह वाढतो.

तिसरी गोष्ट जंतूंची. क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा जंतू आपणां सर्वांच्या कातडीवर राहतो. २०१६ पर्यंत त्याच्या नावाचा पहिला भाग प्रोपिओनिबॅक्टेरियम असा होता. निरोगी माणसाच्या अंगावरही तो असतो, म्हणून त्याला परका म्हणता येत नाही. परंतु प्राणवायू कमी आणि तेल मुबलक अशी जागा त्याला मानवते, आणि बूच बसलेली नळी ही अशीच जागा. तेथे तो वाढतो, तेल फोडून त्यातून झोंबणारी आम्ले तयार करतो.

चौथी गोष्ट दाहाची. शरीराचे रक्षक रक्तातून त्या जागी धाव घेतात. लाली, सूज, पू ही त्या झुंजीची चिन्हे. नळी आतल्या आत फुटली तर दाह खोल पसरतो, गाठ होते, आणि ती बरी होताना खड्डा राहतो. आपल्या सावळ्या कातडीत खड्डा नसला तरी काळा डाग महिनोन्‌महिने रेंगाळतो. पुष्कळ मुलींचे रडणे पुटकुळीपेक्षा या डागाचेच अधिक असते.

तेल, बूच, जंतू आणि दाह असे हे चार आहेत. यात घाणेरडेपणाचा दोष नाही, चारित्र्याचा तर नाहीच नाही. 'लग्न झाले की जातात' हे म्हणणे वयाच्या योगायोगावर उभे आहे. आंबा खाल्ल्याने उष्णता वाढते व पुटकुळ्या उठतात, या समजुतीस आम्हांला आधार सापडला नाही. फार गोड व मैद्याचे पदार्थ, आणि काही जणांत दूध, यांचा थोडा संबंध दिसतो; परंतु तोही पुरावा भक्कम नाही. जायफळ दुधात उगाळून लावणे, लिंबू चोळणे, दातांची पेस्ट लावणे हे घरोघर चालते. त्यांतले लिंबू आणि पेस्ट यांनी कातडी पोळलेली आम्ही स्वतः पाहिली आहे.

कामाची खूण

येथे आमच्या धंद्याचे दोन शब्द. सगळ्या पुटकुळ्या वयाच्या नसतात. काही कामाच्या असतात. आमच्या भागातील पुष्कळ तरुण चाकणच्या कारखान्यांत जातात. यंत्रावर धातू कापताना जे तेल वापरतात ते कपड्यांत मुरते, आणि मग हात, मांड्या अशा जागी बुजलेल्या नळ्यांचे काळे ठिपके व फोड उठतात. यावर चेहऱ्याची ट्यूब फासून भागत नाही. तेलाने भिजलेला कपडा बदलणे, अंग धुण्यास पाणी व साबण मिळणे, हा त्यावरचा पहिला उपाय आहे, आणि तो मागणे हे संघटनेचे काम आहे.

दुसरे उदाहरण नारायणगावच्या मातीतलेच. तमाशाची पंढरी म्हणून या गावाचे नाव आहे. विठाबाई नारायणगावकर यांनी ते देशभर नेले. चैत्रातल्या जत्रांच्या सुपाऱ्या ठरवण्यासाठी येथे फडांच्या राहुट्या लागतात. फडातल्या मुली रात्री जाड तेलकट रंग चढवतात, पहाटे तो खोबरेल तेलाने उतरवतात आणि पुष्कळदा तोंड न धुताच पुढच्या गावाच्या गाडीत झोपतात. रंग व तेल या दोहोंनी नळ्यांची तोंडे बुजतात. त्यांना 'रंग लावू नका' असे सांगणे म्हणजे पोटावर पाय देणे होय. रंग उतरल्यावर सौम्य साबणाने व पाण्याने तोंड धुवा, एवढे सांगता येते. आणि ते पाणी पुरवणे हे फडमालकाचे काम आहे, हेही सांगावे लागते. दुचाकीवर घट्ट बांधलेल्या ओढणीखाली घाम आणि घर्षण होऊनही फोड वाढतात. म्हणजे जी ओढणी मुलगी तोंड लपवण्यासाठी बांधते तीच रोगात भर घालते.

तीन औषधे, तीन कामे

आता औषधांकडे वळू. जेलमध्ये प्रायः येणारी औषधे तीन आहेत.

पहिले बेन्झॉइल पेरॉक्साइड. हे औषध जुने आहे. ते कातडीत शिरून प्राणवायूचे तिखट कण सोडते. प्राणवायू नसलेल्या जागी सुखाने वाढणाऱ्या जंतूच्या घरात जणू वारे शिरते, आणि जंतू मरतो. बूचही ते थोडे मोकळे करते. ट्यूबवर अडीच, पाच किंवा दहा टक्के असे आकडे असतात. आकडा मोठा म्हणजे गुण मोठा, असा आपला समज. परंतु अडीच टक्क्यांचे औषध जवळजवळ तेवढेच काम करते आणि कातडी कमी पोळते, हे तपासून पाहिलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आवश्यक औषधांच्या यादीत याला जागा दिली आहे.

दुसरे क्लिंडामायसिन. हे प्रतिजैविक आहे, सामान्यतः एक टक्का असते. जंतूच्या पेशीत प्रथिने तयार करणारे बारीक कारखाने असतात. हे औषध नेमके त्या कारखान्यास चिकटून काम बंद पाडते. दाहही थोडा उतरवते. पोळत नाही, म्हणून लोकांना आवडते. याचा दोष पुढे सांगतो.

तिसरे ॲडापॅलिन. हे अ जीवनसत्त्वाच्या गोत्रातले. ते जंतूला हात लावत नाही. नळीच्या अस्तरातील पेशींच्या केंद्रापर्यंत जाऊन ते त्यांच्या वाढीची व झडण्याची घडी बसवते. पेशी पुन्हा सुट्या झडू लागतात, बूच बसत नाही, बसलेले सैल होते. दाह कमी करण्याचाही गुण त्यात आहे. याच गोत्रातले थोरले भावंड ट्रेटिनॉइन. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत ॲल्बर्ट क्लिगमन यांनी ते मुरमांवर वापरून दाखवले.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. या तिघांपैकी कोणीही ग्रंथीतले तेल कमी करत नाही. चौकडीतला पहिला मोकळाच राहतो. त्याला आवरणारी औषधे निराळी आहेत, त्यांतली काही पोटात घेण्याची व जोखमीची आहेत. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची.

एकजूट कशासाठी

मग तीन औषधे निरनिराळी न देता दोन किंवा तीन एका ट्यूबमध्ये का घालतात? याला तीन कारणे आहेत.

पहिले कारण उघड आहे. रोगाची कारणे चार, आणि एकेक औषध एखाद-दोन कारणांनाच पुरे पडते. नुसते जंतू मारले आणि बूच तसेच राहिले, तर बुचामागे जंतू पुन्हा वाढतील. नुसते बूच काढले तर आज पेटलेला दाह लवकर शमणार नाही. ॲडापॅलिनने नळीचे तोंड मोकळे केले की जंतुनाशक आत खोल पोहोचते. एकाने वाट करावी आणि दुसऱ्याने आत जावे, असा हा व्यवहार आहे.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. एकटे क्लिंडामायसिन बरेच दिवस लावले तर जंतू त्याला दाद देईनासे होतात. असंख्य जंतूंत एखाद्याच्या प्रथिन-कारखान्याची घडण योगायोगाने थोडी बदललेली असते. औषधाला चिकटायला तेथे जागा मिळत नाही. बाकीचे मरतात, हा उरतो, आणि पुढची सगळी वस्ती याच्या वंशाची होते. हे जंतू एका चेहऱ्यावर थांबत नाहीत. घरच्या माणसांच्या कातडीवरही जातात. बेन्झॉइल पेरॉक्साइड मात्र जंतूच्या एकाच भागावर नेम धरत नाही, तो सर्वांगाने जाळतो. म्हणून एखादी घडण बदलून त्यातून सुटण्याची सोय जंतूला राहत नाही. आपण संघटनेत एकट्या माणसाचा अर्ज साहेबापुढे पाठवत नाही, त्याचे कारण साहेबाला एकट्याला चुकवता येते. तसेच हे. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शनात असेच सांगितले आहे की, निरनिराळ्या मार्गांनी काम करणारी औषधे जोडून द्यावीत, आणि लावण्याचे प्रतिजैविक एकटे न देता बेन्झॉइल पेरॉक्साइडबरोबर द्यावे.

तिसरे कारण माणसाच्या स्वभावाचे. दिवसभर माल निवडून आलेल्या मुलीला तीन ट्यूब तीन वेळांना लावा म्हटले, तर चौथ्या दिवशी दोन विसरतील. एकच ट्यूब रात्री एकदा, हे जमते.

परंतु कोणतीही दोन औषधे एकत्र कोंबली म्हणजे जोडी जमत नाही. जुन्या बनावटीचे ट्रेटिनॉइन उजेडात नासते, आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड शेजारी आले तरी नासते. त्यांना एका वेळी लावणे व्यर्थ होते. एक सकाळी, एक रात्री असे करावे लागे. ॲडापॅलिन उजेडात टिकते आणि पेरॉक्साइडच्या शेजारीही टिकते. म्हणून त्या दोघांचे जेल अमेरिकेत २००८ साली मान्य झाले. तिघांचे एकत्र जेल तेथे २०२३ च्या ऑक्टोबरात मान्य झाले. त्याच्या चाचण्यांत बारा आठवड्यांनी सुमारे निम्म्या रोग्यांचा चेहरा स्वच्छ किंवा जवळजवळ स्वच्छ झाला. औषध नसलेले नुसते जेल लावणाऱ्यांत हे प्रमाण एक चतुर्थांश किंवा त्याहून कमी होते. ही गोष्ट दोन्ही बाजूंनी वाचावी. गुण खरा आहे, आणि निम्म्यांना तो पुरता आला नाही, हेही खरे आहे.

मलम न करता जेल का करतात, असेही विचारतात. मलमात स्निग्धांश असतो. तेलकट कातडीवर तो भर घालतो. जेल बहुतांशी पाण्याचे असते, पसरते, वाळते, आणि मागे चिकटा ठेवत नाही.

लावण्याची रीत

औषध चांगले असूनही रीत चुकल्याने पुष्कळांचा पैसा वाया जातो. डॉक्टरांकडून आम्ही जी रीत शिकलो ती अशी.

रात्री तोंड सौम्य साबणाने धुवावे, टिपून घ्यावे, पुरते कोरडे होऊ द्यावे. संपूर्ण चेहऱ्यास वाटाण्याच्या दाण्याएवढे जेल पुरते. ते केवळ फोडावर न लावता फोड येणाऱ्या सगळ्या भागावर पातळ पसरावे. कारण मघा सांगितल्याप्रमाणे पुढच्या महिन्याचे बूच आज न दिसता बसलेले असते. डोळे, ओठ, नाकपुड्यांचे कोपरे सोडावेत. आरंभी एक रात्र आड लावावे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कातडी कोरडी पडते, चुरचुरते, सालपटे निघतात. काहींना फोड वाढल्यासारखेही दिसतात. पुष्कळजण येथेच ट्यूब फेकतात आणि 'सोसले नाही' म्हणतात. साधे, तेलकट नसलेले क्रीम वर लावले तर हा काळ निभावतो. आग फार झाली, सूज आली, तर मात्र थांबून डॉक्टरांना दाखवावे. गुण दिसण्यास आठ ते बारा आठवडे लागतात. चेहरा निवळला की प्रतिजैविक असलेली ट्यूब बंद करून डॉक्टर प्रायः प्रतिजैविक नसलेली चालू ठेवतात. ते सांगतील तेव्हाच बदल करावा.

पेरॉक्साइड कपड्याचा रंग उडवते. उशीला पांढरा अभ्रा घालावा, नाहीतर नव्या पोलक्यावर डाग पडून घरात भांडण व्हावयाचे. शेतात उन्हात काम असेल त्यांनी सकाळी तोंड धुवून पदर किंवा टोपी सांभाळावी, कारण या औषधांनी कातडी उन्हाला हळवी होते. ज्या स्त्रिया गरोदर आहेत किंवा होऊ इच्छितात त्यांनी ॲडापॅलिनची ट्यूब लावण्यापूर्वी डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे.

आणखी एक. उष्णतेने पेरॉक्साइडचे विघटन होऊन त्यात बेन्झीन हा घातक पदार्थ अल्प प्रमाणात तयार होऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२५ साली अशी ९५ उत्पादने तपासली. दहांतल्या नऊंहून अधिक ठीक निघाली, थोडी बाजारातून परत घेतली गेली. आपल्याकडे वैशाखात पत्र्याखालचे घर तापते. ट्यूब पत्र्याजवळच्या फळीवर किंवा गाडीच्या डिकीत न ठेवता पाण्याच्या माठाजवळच्या गारव्यात ठेवावी, आणि मुदत संपली की टाकून द्यावी.

खोटी जोडी

आता त्या कोनाड्यातल्या ट्यूबकडे येऊ. त्यातही जोड-औषधच होते. परंतु त्या जोडीत स्टेरॉइड होते. स्टेरॉइड दाह झटपट दाबते. दोन दिवसांत चेहरा उजळ व शांत दिसतो, आणि माणूस दुकानदाराला दुवा देतो. पुढे कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, लव वाढते, आणि ज्यासाठी औषध घेतले तेच फोड पूर्वीपेक्षा दाट उठतात. ट्यूब थांबवली की आगीचा भडका होतो, म्हणून माणूस पुन्हा तीच लावतो. उचल फेडण्यासाठी पुन्हा उचल घेणाऱ्याची जी गत, तीच या चेहऱ्याची.

हे एका घरचे दुखणे नाही. २०११ साली भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी अनेक केंद्रांतून केलेली एक पाहणी प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे शंभरात जवळजवळ पंधरा, चेहऱ्यावर स्टेरॉइड लावणारे निघाले. कायद्यात चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा औषधांची एक अनुसूची आहे, परंतु बाहेरून लावण्याच्या औषधांना तिच्यात सूट होती. २०१८ च्या मार्चमध्ये सरकारने चौदा स्टेरॉइडांपुरती ती पळवाट बुजवली. त्याच वर्षी सप्टेंबरात ३२८ जोड-औषधांवर बंदी आली. त्यांत स्टेरॉइड, प्रतिजैविक व बुरशीनाशक यांची खिचडी केलेली काही मलमेही होती. कायदा झाला, पण कागदावरचे किमान वेतन आणि हातात पडणारी मजुरी यांतले अंतर ज्यांना ठाऊक आहे, त्यांना पुढचे सांगावयास नको.

खरी जोडी आणि खोटी जोडी यांतला फरक आम्ही असा समजतो. खऱ्या जोडीत प्रत्येकाला स्वतःचे काम असते, आणि एकाची उणीव दुसरा भरून काढतो. खोट्या जोडीत एक जण दुखणे दाबून ठेवतो, आणि बाकीचे त्याची सोबत करतात. स्टेरॉइड हे वाईट औषध नव्हे. इसबासारख्या रोगांत, नेमक्या मुदतीपुरते, ते डॉक्टरांच्या हातात गुणकारी आहे. पुटकुळ्यांवर घरच्या घरी लावण्याचे ते औषध नव्हे, एवढेच.

म्हणून ट्यूब घेताना पेटीवरची बारीक अक्षरे वाचावीत. बीटामेथासोन, मोमेटासोन, डेक्सामेथासोन, फ्लुटिकासोन, अशी शेवटी 'सोन' येणारी नावे, तसेच क्लोबेटासॉल हे नाव दिसले, तर ती ट्यूब पुटकुळ्यांसाठी लावू नये. आधीच बरेच दिवस लावत असाल तर मनाने एकदम थांबवूही नये, डॉक्टरांकडे जावे. ससून रुग्णालयात त्वचारोगाचा विभाग आहे. गाठी खोल असतील, खड्डे पडू लागले असतील, मुलीची पाळी अनियमित असेल किंवा मन खचले असेल, तर ट्यूबचे प्रयोग न करता तज्ज्ञास दाखवावे. खड्डा एकदा पडला की तो भरून काढणे फार खर्चाचे, आणि पुरता तो भरतही नाही.

त्या मुलीला आम्ही व तिची आई मिळून पुण्यास घेऊन गेलो. आधी स्टेरॉइड सोडवण्यातच कित्येक महिने गेले. ते दिवस फार वाईट होते. आरशावर तिने वर्तमानपत्र चिकटवले होते. कातडी शांत झाल्यावर डॉक्टरांनी बेन्झॉइल पेरॉक्साइड व ॲडापॅलिनचे जेल दिले, तेही एक रात्र आड. फोड उतरले. डाग पुष्कळ फिकट झाले, सगळे गेले नाहीत. बारावीची परीक्षा तिने एक वर्ष उशिरा दिली. ते वर्ष कोणी भरून देणार नाही.

आमच्या बैठकीत आता एक नवी रीत पडली आहे. मजुरीचा विषय संपला की कोणी ना कोणी पिशवीतून औषधाची पेटी काढते आणि ती मुलगी भिंग घेऊन त्यावरची नावे मोठ्याने मराठीत वाचून दाखवते. नाव कळल्याने रोग बरा होत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु आपण घामाच्या पैशाने काय विकत घेतो, हे विचारण्याची सवय लागते. पहिल्या अशा बैठकीत आम्ही त्या बाईंची सर्वांदेखत माफी मागितली. त्या म्हणाल्या, "राहू द्या दादा, आता मजुरीचं बोला."